टाकी जिथे आहे, जशी आहे

नेरूळच्या यार्डातून पाण्याची टाकी स्वतःच्या पायांनी वाशी मार्केटला गेली, असं मी सांगतो तेव्हा आमच्या सोसायटीतली मंडळी चहा सांडेपर्यंत हसतात. हसू देत. पायांनी गेली नाही, एवढं मी मान्य करतो. गडगडत गेली. पण गेली, आणि तिच्यामागे निम्मं नेरूळ गेलं. बाकीचे साक्षीदार फ्लॅट विकून पुण्याला राहायला गेले, त्याला मी काय करणार?

साल शहाण्णव की सत्त्याण्णव. मी पाणी खात्याच्या यार्डात स्टोअरकीपर होतो. विलासभाऊ म्हणायचे मला. यार्ड म्हणजे खात्याचं म्हातारपणच. गंजलेले व्हॉल्व्ह, वाकलेले पाइप, साळुंक्यांनी नातवंडांपर्यंत संसार केलेला एक पंप, आणि मधोमध ती टाकी. गोल, लोखंडी, वरून उघडी, कमरेएवढ्या काठाची, आणि इतकी ऐसपैस की आत लग्नाची पंगत उठली असती. पूर्वी तिच्यात पाणी निवळायला ठेवत. नवं शुद्धीकरण केंद्र झालं आणि ती रिकामी झाली.

त्या वर्षी आमच्याकडे अरविंदसाहेब बदलून आले. तिशीतला दादरचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि घाम असा की खुर्चीखाली दुर्वा उगवल्या होत्या. स्मितावहिनी रोज पंचाएवढा रुमाल बरोबर द्यायच्या. दुपारी तो पिळून कुंडीला घालायचो आम्ही. साहेबांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक म्हणजे आल्यागेल्याशी अदबीनं वागणं, आणि दुसरं म्हणजे नियम. भंगार सामान विकायचे नियम त्यांना आरतीसारखे पाठ.

"विलासभाऊ, विकणं सोपं असतं," ते म्हणायचे. "नियमानं विकणं, त्यात खरी मजा आहे."

मजा तर होतीच. आधी तीन अधिकाऱ्यांची समिती आली. एकाच छत्रीखालून टाकीकडे बघून ती निरुपयोगी असल्याचं ठरवून गेली. मग नियमाप्रमाणे इतर सरकारी खात्यांना विचारलं, तुम्हाला हवी का? एका खात्याचं उत्तर आलं, टाकी नको, पण आत बेडूक असतील तर कळवा. शेवटी जाहीर लिलाव ठरला. मंगळवारी अकरा वाजता. शनिवारी सामान बघायला यार्ड खुलं ठेवलं.

शनिवारी सर्वांत आधी आला तो जोतीराम मुकादम. बरोबर त्याची बायको राहीबाई.

जोतीराम साताऱ्याकडचा. मुंबईच्या दाणाबंदरावर पोती वाहण्यात जवानी गेलेली, आणि धान्याचा बाजार वाशीला आला तेव्हा त्याच्याबरोबर हमालांची टोळी घेऊन इकडे आलेला. मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. त्याचं एकच दुखणं होतं.

"भाऊ," तो मला म्हणाला, "दाणाबंदरावरनं समदं आलं बगा. पोती आली, तराजू आलं, उंदीर आलं. तालीम तेवढी मागं ऱ्हायली. आमची पोरं दोन-दोन क्विंटल उचलत्यात, आनि सांजच्याला व्हिडिओ पार्लरात जाऊन बसत्यात. अंगाला माती लागना त्यांच्या."

"मग खणा की एक आखाडा."

"दोनदा खणला."

ते खरं होतं. पण आपली नवी मुंबई अर्धी खाडी बुजवून केलेली. हातभर खणलं की खालून खारं पाणी वर येतं. पहिल्या आखाड्यात तिसऱ्या दिवशी चिखल झाला. दुसऱ्यात खेकडे आले. एक खेकडा, मी ऐकलंय ते सांगतो, आखाड्यात येऊन दंड थोपटून उभा राहिला, आणि टोळीतल्या कुलदीप नावाच्या गड्याचा अंगठा धरून त्याला असा फिरवला की पंचांना निकाल खेकड्याच्या बाजूनं द्यावा लागला.

तेव्हा जोतीरामला ही टाकी हवी होती. बुडाला पत्रा, भोवती काठ. आत माती भरली की खालची खाडी खाली आणि वरची कुस्ती वर. मातीही तयार होती. टोळीतला जो गावी जाईल तो येताना पिशवीभर तांबडी माती आणायचा आणि मुकादमाच्या खोलीत ठेवायचा.

"खोलीत माती, मातीवर चटई, चटईवर आमी दोगं," राहीबाई म्हणाली. "कूस बदलली की धूळ उडती. आता ही टाकी न्हाय घावली, तर मी त्या मातीत वांगी लावनार हाय, सांगून ठिवते."

ती मार्केटच्या गेटवर भाकरी-पिठलं विकायची. आवाज असा की तिनं "भाकरीय्ये!" म्हटलं की वाशीच्या खाडीपुलावर ट्रक ब्रेक लावायचे. आताही तिनं टाकीवर टिचकी मारली, कान लावला आणि नवऱ्याकडे बघून मान डोलावली. भोक नाही.

तेवढ्यात घाम पुसत अरविंदसाहेब आले.

"सायेब, ही टाकी आमाला द्या," जोतीराम म्हणाला.

"आम्ही देत नाही हो, विकतो. मंगळवारी जाहीर लिलाव आहे, तुम्ही अवश्य या. आज नुसतं बघायचं."

"बगितली की. पसंत हाय."

"वा, वा! आनंद झाला तुम्हाला भेटून," असं म्हणून साहेबांनी अदबीनं हात पुढे केला. हात पुसता पुसताच पुढे केला, त्यामुळे तो पंचाएवढा रुमाल हातावर तसाच राहिला.

इथं थांबून एक सांगायला हवं. वाशीच्या बाजारात त्या काळी मोठा सौदा तोंडानं होत नसे. हातावर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्या भावालाही आकडा कळता कामा नये. समोरच्यानं तीच बोटं तशीच दाबली, की सौदा पक्का. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही. भाव ओरडून सांगणं म्हणजे चारचौघांत लुंगी सोडण्यासारखं समजत.

आता एक सरकारी साहेब स्वतः होऊन हातावर रुमाल टाकून हात पुढे करतो, म्हटल्यावर जोतीरामनं काय समजावं? त्यानं रुमालाखाली हात घातला आणि आपल्या टोळीची सगळी ऐपत त्या बोटांत ओतली. साहेबांना वाटलं, साताऱ्याकडे असंच भेटत असतील. माणसाचं मन कशाला मोडा? त्यांनी मिळाली तशीच बोटं परत दाबली. वर हसलेही.

जोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. गेटवरच्या दुकानातून त्यानं सौद्याचा नारळ आणला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"किती प्रेमळ माणसं, नाही?" साहेब मला म्हणाले. मी तेव्हा पाठ करून व्हॉल्व्ह मोजत होतो, मला रुमालाचं काही दिसलं नव्हतं. आम्ही तो नारळ फोडून गुळाबरोबर खाल्ला. छान गोड निघाला.

रविवारी सकाळी मी माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दात घासत उभा होतो. समोरच्या घरांच्या छपरांवरून एक भलंमोठं चक्र सरकत गेलं. मला वाटलं, आकाशपाळणा आला जत्रेचा. चूळ भरून आत गेलो.

ती टाकी होती. यार्डाचं फाटक टाकीपेक्षा अरुंद, म्हणून चाळीस हमालांनी ती काठावर उभी केली आणि चाकासारखी लोटत बाहेर काढली. "साहेबांचा सौदा झालाय," असं जोतीरामनं वॉचमन शिवरामला सांगितलं, आणि शिवरामनं तर तो सौदा गेटवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तोही साताऱ्याकडचाच, पाटणचा. त्यानं फाटक उघडून वर सलाम ठोकला. मग टाकी निघाली. जुईनगरला एक बोकड तिच्या पोटात शिरला आणि सानपाड्यापर्यंत आतल्या आत चालत गेला. जागच्या जागीच, बिचारा. वायरी आल्या की टाकी तिरपी करायची, की ती नमस्कार केल्यासारखी खालून जायची. सिग्नलला हवालदारानं थांबवलं, वर बघितलं, खाली बघितलं, नंबर प्लेट सापडेना, म्हणून डावीकडून चालवा एवढंच सांगून सोडून दिलं.

सोमवारी साहेब यार्डात आले. टाकीच्या जागी गोल पिवळं गवत.

"विलासभाऊ," ते बारीक आवाजात म्हणाले, "आपली लिलावाच्या यादीतली सात नंबरची वस्तू कुठे आहे?"

शिवरामला बोलावलं. त्यानं आनंदानं सगळं सांगितलं. साहेब मटकन पाइपावर बसले. त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली आणि एकेक करून बघितली, त्या बोटांनी आणखी काय काय विकलं असेल, असं.

त्यांच्यामागे भंगारवाला धर्मराज उभा होता. तुर्भ्याचं मोठं गिऱ्हाईक. पांढरे बूट, सोन्याची साखळी, आणि कान मात्र पिठाच्या चुरगळलेल्या गोळ्यांसारखे. तो टाकीसाठीच आला होता. गॅसनं कापून पत्रा विकायचा त्याचा बेत होता.

"क्या साहेब, माल गायब? लिलावाच्या आधीच? पेपरवाल्यांना सांगू काय?"

"लिलाव होईल," साहेब उठत म्हणाले. "नियमानंच होईल."

आम्ही रिक्षा करून मार्केटला गेलो. धान्याच्या गाळ्यांमागे मोकळ्या जागेत टाकी बसवलेली. एका रात्रीत राहीबाईची चटई जमिनीला टेकली होती आणि माती टाकीत आली होती. मार्केटात काय कमी? मसालेवाल्यांनी हळद दिली, फळबाजारानं लिंबं, तेलवाल्यांनी तेल. कुणीतरी ताकाची कॅन ओतली. त्या मातीचा असा वास सुटला होता की माझ्यासारख्या फाटक्या माणसालाही शड्डू ठोकावासा वाटला.

"अहो मुकादम, ती परत द्या!" साहेब ओरडले.

"परत? सायेब, तुमीच बोटं दाबली."

"ती मी... आदरानं दाबली!"

"मंग आमीबी आदरानंच न्हेली. आनि नारळ?"

"नारळाचं काय?"

"खाल्ला न्हवं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं.

"ऐका," साहेब घाम पुसायला रुमाल काढत होते, तो घाईनं परत खिशात कोंबून म्हणाले, "तुमचा शब्द खरा आहे, मला मान्य. पण वस्तू माझी नाही, लोकांची आहे. मला ती बोटांनी विकता येत नाही. कुणाला किती हवी ते सगळ्यांनी उघड बोलायचं, आणि जास्त बोलेल त्याला द्यायची. नाहीतर उद्या कुणीही साहेब कुणाच्याही रुमालात हात घालेल."

जोतीरामनं मान डोलावली. हे त्याला पटलं, आणि पटलं म्हणूनच त्याचा चेहरा उतरला. उघड बोलीत धर्मराजच्या साखळीपुढे हमालांची ऐपत काय? टाकीच्या काठावर त्यानं हात ठेवला. "पोरांनी आज पयल्यांदा लंगोट घातला, सायेब," एवढंच म्हणाला.

साहेब नियम पुटपुटू लागले. टाकी यार्डात परत न्यायची, की कसं? पुटपुटता पुटपुटता ते एकदम थांबले. पुन्हा मागे जाऊन एक ओळ म्हणाले. मग असं हसले की त्यांच्या गालाला खळी पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

"वस्तूचा लिलाव ती जिथे आहे तिथे, जशी आहे तशी करावा. विलासभाऊ, वस्तू कुठे आहे?"

"इथं आहे साहेब."

"कशी आहे?"

"मातीनं भरलेली, साहेब. हळदीची."

"मग तशीच विकू. यार्डाच्या गेटवर पाटी लावा. सात नंबर, मंगळवार, अकरा वाजता, वाशी मार्केट."

मंगळवारी अख्खं मार्केट लोटलं. कांदेवाले तराजूवर चढून बसले. धर्मराज तर आलाच, वर गॅस कटर घेऊन दोन माणसं आणलेली. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते, कारण जोतीरामचा हात सवयीनं सारखा उपरण्याकडे जात होता.

"बोली तोंडानं! मोठ्यानं!" साहेबांनी बजावलं.

जोतीरामनं तोंड उघडलं. बंद केलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. आयुष्यात त्यानं भाव कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. शेवटी तो राहीबाईच्या कानात कुजबुजला.

"एवढंच? मंग लाजताय काय नवरीवानी!" असं म्हणून राहीबाईनं पदर खोचला आणि बोली दिली. मार्केटातली कबुतरं उडाली ती म्हणे उरणला उतरली.

धर्मराजनं वर आकडा लावला. राहीबाईनं चढवला. धर्मराजनं कान खाजवत आणखी चढवला. हमाल खिसे चाचपू लागले. कुणी बिडीचे पैसे काढले, कुणी गावच्या एसटीचे. जोतीराम पुन्हा कुजबुजला, आणि राहीबाईनं शेवटची बोली दिली. ती शेवटची आहे, हे तिच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं. यावेळी एकही कबुतर उडालं नाही.

धर्मराज हसला. आता एक शब्द, आणि टाकी त्याची.

"थांबा," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे प्रत्येक बोलीदारानं वस्तू आतून-बाहेरून स्वतः तपासायला हवी. नंतर तक्रार चालणार नाही. शेठ, तुम्ही आतून पाहिलीत?"

"अरे, टाकीत काय बघायचं? माती तर आहे." तरी त्यानं पांढरे बूट काढले, पँट वर दुमडली आणि काठावरून आत उडी घेतली.

धर्मराजचा पाय आत पडला. पायाची बोटं मातीत रुतली. त्यानं एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. मग तो भलामोठा माणूस वाकला, चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. आपण असं करतोय, हे त्यालाही कळलं नसावं.

"कोणच्या तालमीचा रं तू?" जोतीरामनं हळूच विचारलं. ते पैलवानाचे कान त्यानं आधीच ओळखले होते.

"कराड," धर्मराज म्हणाला. "वीस वर्षं झाली मातीला पाय लावून." आणि त्यानं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "चल मुकादम. एक पकड. तुला एका दमात पाडतो, मग उठून बोली देतो."

"साहेब, हे नियमात बसतं?" मी विचारलं.

"तपासणी किती वेळ करावी, हे नियमात दिलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण लिलाव थांबणार नाही. राहीबाईंची बोली, एक वार!"

दोघांनी हात मिळवले. मंडळी, ती कुस्ती! टाकीचा पत्रा असा घुमत होता की वाशीच्या देवळातल्या लोकांनी आरती सुरू झाली म्हणून टाळ काढले. धर्मराजनं जोतीरामला पट काढून आडवा केला. जोतीराम माशासारखा सटकला. धर्मराजनं कंबर धरली. जोतीरामनं त्याचा हात खांद्यावर घेतला, पोतं घेतात तसा, आणि दाणाबंदरापासूनची सगळी वर्षं एका झटक्यात लावली. शेठ हवेत गेले. खाली आले ते पोटावर. जोतीराम वर.

"दोन वार!"

धर्मराजला बोली द्यायची होती. पण तोंडात हळदीची माती आणि पाठीवर मुकादम. "ह्म्फ!" एवढाच आवाज. हात मोकळा होता. त्यानं जोतीरामचा पंजा पकडला आणि बोटं दाबली. एकदा. दोनदा.

जोतीरामच्या अंगाखाली आखाडा होता, टाकी होती, पोरांचे लंगोट होते. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण बोटांचा सौदा तो खोटा करणार कसा? धापा टाकत त्यानं मान वर केली.

"सायेब! ह्यो बोटांनं बोली देतुया. आमच्यापरीस जास्त हाय!"

राहीबाईनं कपाळाला हात लावला.

अरविंदसाहेब काठावरून वाकले, हात पाठीमागेच ठेवून. "शेठ, बोटं नियमात बसत नाहीत. त्यापायीच तर हा सगळा घोळ झाला. मोठ्यानं बोला."

"ह्म्फ!"

"ऐकू आलं नाही. तीन वार! टाकी राहीबाईंची!"

मग जो गलका झाला तो मी सांगत नाही, तुम्ही तो ऐकला असेल, कुठंही राहत असलात तरी. जोतीराम बाजूला झाला. धर्मराज उठून बसला, माती थुंकली, आणि पोट हलेपर्यंत हसत सुटला. "साला, बोटांनी फसलो! मुकादम, उद्या परत. पहाटे येतो. गॅस कटरवाल्यांनो, घरी जा रे."

पैसे भरून झाले. पण साहेबांचं समाधान होईना. "अजून एक नियम राहिलाय. खरेदीदारानं वस्तू जागेवरून स्वतः उचलायला हवी. नाहीतर विक्री रद्द."

"आता कुठं न्हेऊ वो हिला?" राहीबाई म्हणाली.

"न्यायला कुठे म्हटलंय? उचलायला म्हटलंय."

जोतीरामला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं शिट्टी घातली. चाळीस हमाल टाकीभोवती बसले, काठाखाली हात घातले, आणि माती, हळद, धर्मराज, आणि उचल नियमानं होते की नाही हे बघायला आत उतरलेले आमचे अरविंदसाहेब, अशी सगळी टाकी त्यांनी वीतभर वर उचलली. मी खाली वाकून पलीकडचा कांदेबाजार बघितला, शपथ. मग तिला होती तिथेच हळूच ठेवली.

"उचल झाली," साहेब आतून म्हणाले. शर्टाची इस्त्री गेली होती, आणि गुडघ्यापर्यंत हळद.

जोतीराम नारळ घेऊन आला. साहेब पटकन एक पाऊल मागे सरकले.

"मुकादम, हा नारळ कशाचा? आधी मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

जोतीराम पुन्हा लाजला. त्यानं बायकोकडे बघितलं.

"खायाचा हाय वो!" राहीबाई ओरडली, आणि उरणची कबुतरं तिथून आणखी पुढे गेली.